२७ कोटी आणि ३,२०० रुपये

ऋषभ पंत २७ कोटींना गेला तो रविवार मला नीट आठवतो, २४ नोव्हेंबर २०२४. आयपीएलचं ऑक्शन तिकडे सौदीत जेद्दाहला चालू होतं आणि मी इथे नाशिकला गंगापूर रोडला घरात टीव्हीसमोर, मांडीवर शेंगदाण्यांची वाटी. श्रेयस अय्यर २६ कोटी ७५ लाखांना गेला तेव्हाच मी सरसावून बसलो होतो, म्हटलं आता याच्या वर काही जात नाही, आणि थोड्याच वेळात पंतने तेही मोडलं. मग रात्रीपर्यंत मी हललो नाही. चहा तिथेच, जेवण तिथेच, मधे बायको दोनदा म्हणाली अहो भाजी आणायची होती, ती शेवटी मुलानेच आणली.

आणि दुसऱ्या दिवशी सातपूरला आमच्या कंपनीच्या कँटीनमधे मी जे काही बोललो ते बोललो. की २७ कोटी म्हणजे आपलं अख्खं अकाउंट्स डिपार्टमेंट रिटायर होईपर्यंत राबलं तरी जमणार नाहीत, की दोन महिने बॅट फिरवायचे एवढे पैसे आणि बॉर्डरवरच्या जवानाला किती, शिक्षकाला किती, कांदा पिकवणाऱ्याला किती, की या देशाचं प्राधान्यच चुकलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी अगदी मनापासून बोलत होतो, आवाज पण चढला होता. पण मला कोणत्या खेळाडूला कोणी किती पैसे दिले हे दशांशासकट पाठ होतं, व्यंकटेश अय्यर २३ कोटी ७५ लाख हे सुद्धा, आणि ते का पाठ होतं हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, मी स्वतःलाही नाही.

हे सगळं आत्ता लिहायला बसलोय कारण गेल्या वर्ष-दीड वर्षात एकेक गोष्ट अशी झाली की हा प्रश्न मला टाळता येईना.

आधी पैशाचं बोलतो, कारण माझा धंदाच तो आहे, वीस वर्षं व्हाउचर आणि लेजर बघतोय. एकदा सहज म्हणून आकडे मांडले. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे मीडिया राइट्स, म्हणजे मॅच दाखवायचे हक्क, ४८,३९० कोटींना गेले, ४१० मॅचेस धरून. म्हणजे एका मॅचला साधारण ११८ कोटी. वर्षाला ९,६०० कोटींच्या वर. आता खेळाडूंचं बघा. २०२५ च्या सीझनसाठी प्रत्येक टीमची पर्स, म्हणजे खेळाडू घ्यायला ठरलेली मर्यादा, होती १२० कोटी, दहा टीम, झाले १,२०० कोटी. वरची मॅच फी वगैरे सोडा. म्हणजे नुसत्या राइट्सच्या पैशातला साधारण आठवा हिस्सा सगळ्या खेळाडूंच्या पगाराला, त्यात पंतही आला आणि बेंचवर बसणारा तीस लाखवालाही आला. उरलेलं बोर्ड आणि टीममालक.

हे कागदावर आल्यावर मी बराच वेळ तसाच बसलो होतो. कारण मी नाशिक जिल्ह्यातला माणूस आहे, लासलगाव आमच्या हद्दीत, कांद्याचे भाव पडले की आपण पहिला प्रश्न काय विचारतो, की गिऱ्हाईकाने दिलेल्या पैशातलं पिकवणाऱ्याच्या हातात किती पडलं. मधल्या लोकांनी किती खाल्लं. तिथे आपण शेतकऱ्याच्या बाजूने असतो आणि असायलाच पाहिजे. मग इथे जो मैदानात उतरतो, ज्याचे गुडघे जातात, जो पंतसारखा अ‍ॅक्सिडेंटमधून उठून परत चालायला शिकतो, त्याच्याच नावाने मी कँटीनमधे का ओरडतोय, मालकांच्या नावाने एकदाही का नाही ओरडलो? मला वाटतं त्याचं कारण साधं आहे, मालकाचा चेहरा मला रोज दिसत नाही. खेळाडूचा दिसतो. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, अंगावर टॅटू, कानात भिकबाळी नाही पण हिरा, त्याच्याकडे बघून मला जे होतं त्याला मी न्याय-अन्याय वगैरे नाव देत होतो, आणि त्यातला बराचसा भाग निव्वळ जळणं होतं.

आणि हे ११८ कोटी येतात कुठून तर माझ्याकडून. दोन ओव्हरच्या मधे मी जागचा हलत नाही म्हणून तिथे जाहिरात विकली जाते. मी त्या रविवारी पाच-सहा तास नुसता लिलाव बघितला, त्यात खेळ सुद्धा नव्हता, नुसते हातातले फलक वर होत होते आणि तरी मी बघत होतो. म्हणजे २७ कोटींवर चिडणारा आणि ते २७ कोटी उभे करणारा एकाच सोफ्यावर बसला होता.

आता दुसरं, आणि हे जास्त लागणारं आहे. अशा चर्चेत माझं एक ठरलेलं वाक्य असतं, "क्रिकेट क्रिकेट काय करता, आपल्या कविता राऊतला बघा." सावरपाड्याची कविता, लहानपणी पाण्यासाठी अनवाणी पळणारी, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमधे दहा हजार मीटरमधे ब्राँझ, १९५८ च्या मिल्खासिंगांनंतर भारताला ट्रॅकवर मिळालेलं पहिलं वैयक्तिक कॉमनवेल्थ पदक. त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमधे सिल्व्हर. मग दत्तू भोकनळ, चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, जिथे उन्हाळ्यात टँकर येतो तिथला मुलगा आर्मीत जाऊन बोट वल्हवायला शिकला, २०१६ ला रिओ ऑलिंपिकला रोइंगमधे भारताकडून एकटा गेला, तेरावा आला, आणि २०१८ च्या एशियाडमधे चौघांच्या टीममधून गोल्ड. ही नावं मी घडाघडा बोलतो. लोक म्हणतात वा, तुम्हाला बरीच माहिती आहे.

पण मी यातली एकही रेस लाइव्ह पाहिलेली नाही. एकही नाही. कविता धावली त्या ऑक्टोबरमधे मी काय करत होतो ते आठवत नाही, दुसऱ्या दिवशी पेपरमधे फोटो बघितला आणि गर्व वाटला एवढं आठवतं. दत्तूची हीट बघायला कोणत्या चॅनेलवर जायचं हे सुद्धा मी शोधलं नव्हतं. २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ मारलं, १ ऑगस्टला, तेव्हा मी ऑफिसात मोबाइलवर शेवटच्या काही शॉट्स पाहिल्या, डोळ्यात पाणी आलं, त्याला लगेच फॉलो केलं. त्याच्या महिनाभर आधी वर्ल्ड कपवाल्या टीमला आपल्या सरकारने ११ कोटी जाहीर केले होते आणि स्वप्नीलला १ कोटी, यावर मी फॅमिली ग्रुपवर मोठी पोस्ट लिहिली, की बघा आपल्या राज्याची नियत. पण त्यानंतर स्वप्नील कुठे खेळला, कितवा आला, हे मला कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. सरकारने त्याला निदान एक कोटी जाहीर केले, मी दिलं काय, तर एक लाइक.

मी या मंडळींना मनापासून मानतो, त्यात खोटं नाही. पण मी त्यांचा उपयोग करत होतो. क्रिकेटवाल्यांना खाली दाखवायला मला कविता राऊत लागायची, तेवढ्यापुरती.

जानेवारी २०२५ ला आपल्या गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, महाराष्ट्र-बडोदा रणजी मॅच होती. मी अर्धा दिवस रजा टाकून गेलो आणि जाताना ऑफिसात सांगून गेलो की खरं क्रिकेट बघायला चाललोय, तुमचं ते नाचगाण्याचं नाही. थंडी होती, ऊन छान पडलं होतं, माणसं पण बरी जमली होती. दुसऱ्या डावात ऋतुराज गायकवाड खेळत होता, ८९ केले त्याने. तो असेपर्यंत कडेला नुसती मोबाइलची रांग, त्यात मी पण, झूम करकरून. तो आउट झाला आणि मी पाचेक मिनिटांत पार्किंगमधे होतो. गाडीला किल्ली लावताना आत टाळ्या ऐकू आल्या, वळून सुद्धा पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी वाचलं की त्याच डावात सौरभ नवलेने शतक मारलं, नाबाद, आणि महाराष्ट्राने ती मॅच ४३९ रन्सनी जिंकली. आपल्या नाशिकचा रामकृष्ण घोष त्याच टीममधे, ज्याला चेन्नईने ३० लाखाला घेतलंय, त्याला ओळखायला मला शेजारच्या कॉलेजच्या पोराला विचारावं लागलं की हा कोण रे. खरं क्रिकेट बघायला गेलेला माणूस चेहरा बघून परत आला. सिनेमावाल्यांच्या लग्नाचे रील्स बघणाऱ्या माझ्या वहिनीला मी किती बोललोय यावरून, आणि मी स्वतः वेगळं काय केलं.

मग जून आला. ३ जूनला बंगळुरू पहिल्यांदा आयपीएल जिंकली आणि ४ जूनला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली. रात्री बातम्या बघताना मी म्हटलं, लोकांना अक्कल नाही का, कोण कुठले खेळाडू, त्यांच्यासाठी जीव द्यायचा? मुलगा शेजारी बसला होता. तो काही उलट बोलणारा नाही. तो एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्ही मागच्या वर्षी पंचवटीचं तिकीट काढलं होतं ना."

काढलं होतं. ४ जुलै २०२४, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकून आलेल्या टीमची मरीन ड्राइव्हची ती परेड, आदल्या रात्री मी माझं आणि त्याचं पंचवटी एक्स्प्रेसचं तिकीट काढलं होतं, सकाळी नाशिकरोडहून बसायचं आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हला उभं राहायचं. ऑडिटर यायचे होते म्हणून सुट्टी मिळाली नाही, एवढंच. ती माणसं तिकडे अंगावर पडेपर्यंत गर्दी झाली होती हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्या गर्दीत मी मुलाचा हात धरून असणार होतो. त्या रात्री मी टीव्ही बंद केला आणि बंगळुरूच्या त्या आईबापांबद्दल जे बोललो होतो त्याची मला इतकी लाज वाटली की झोप लागली नाही. अक्कल नसलेली ती माणसं म्हणजे मीच की, फक्त माझ्या ऑडिटरने मला वाचवलं.

आता स्पाइक्सचं, म्हणजे धावायच्या खिळेवाल्या बुटांचं सांगतो. हे लिहिणं मी बरेच दिवस टाळत होतो.

आमच्याकडे पोळ्या करायला ज्या ताई येतात त्यांची मुलगी धावते. नववीत आहे. ३,००० मीटर. पहाटे साडेपाचला सायकलवर ग्राउंडला जाते आणि मग शाळा. २०२५ च्या जूनमधे ताई संकोचत संकोचत म्हणाल्या की सरांनी स्पाइक्स घ्यायला सांगितलेत, ३,२०० ला आहेत, जमलं तर पगारात वळते करून घ्या. मी मोठ्या मनाचा असल्यासारखा म्हटलं, वळते कशाला, हे घ्या माझ्याकडून, आणि एक हजार दिले. बाकीचं बघू पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात मी विसरलो, त्याच्या पुढच्या महिन्यात आठवलं होतं पण गणपती होते, खर्च होता.

मला घरखर्चाची डायरी लिहायची सवय आहे, वडलांपासूनची. परवा २०२५ ची डायरी चाळताना दोन नोंदी समोर आल्या. एप्रिलमधली माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत: वानखेडे तिकिटं ३ नग १३,५००, जर्सी २ नग ३,०००, प्रवास-जेवण ४,२००. एकूण २०,७०० आणि खाली दोन रेघा. आणि जूनच्या पानावर: स्पाइक्स मदत, १,०००. मदत हा शब्द मी लिहिला होता. एप्रिलच्या नोंदीपुढे असा काही शब्द नाही, ज्यांना एवढे मिळतात त्यांना मी आपलं हक्काचं देणं असल्यासारखं देऊन आलो आणि जिला खरंच पाहिजे होते तिथे मला मदत आठवली.

आणि २ नोव्हेंबर. त्या रविवारी नवी मुंबईला महिला वर्ल्ड कपची फायनल होती, तीनला सुरू होणार. त्याच दिवशी साडेतीनला या मुलीच्या क्लबची निवड चाचणी होती इथेच नाशिकला, पंचवटीत हिरावाडीला. ती आठवडाभर आधी स्वतः घरी येऊन सांगून गेली होती, "काका, या ना बघायला, आमच्याकडे कोणी येत नाही." मी म्हटलं येतो, नक्की येतो. आणि दुपारी मनात हिशेब केला की ती रेस अकरा-बारा मिनिटांची, आणि इकडे आपल्या मुली इतिहास घडवतायत, बाईच्या खेळाला पाठिंबा द्यायचा तर आज टीव्हीसमोर बसणं हाच पाठिंबा. हे मी बायकोलाही ऐकवलं. तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

नवी मुंबईत पाऊस होता. मॅच तीनची पाचला सुरू झाली. दोन तास मी काय बघत होतो तर कव्हर्स. पाणी काढणारी माणसं, छत्र्या, स्टुडिओत बोलणारे जुने खेळाडू. गंगापूर रोडवरून हिरावाडीला जाऊन, ती रेस बघून, परत येऊन सुद्धा माझा एक बॉल चुकला नसता. मग शफालीने ८७ केले, दीप्तीने पाच विकेट काढल्या, हरमनप्रीतने मागे पळत तो शेवटचा कॅच घेतला आणि मी रडलो, खरं रडलो, त्या मुलींनी जे सोसलंय ते वाचलेलं होतं आणि मला तो आनंद खोटा म्हणायचा नाही. बोर्डाने ५१ कोटी जाहीर केले तेव्हा ग्रुपवर सगळ्यात आधी मीच लिहिलं की मिळालेच पाहिजेत. बायकांचं म्हटल्यावर ५१ कोटी मला टोचले नाहीत, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं.

सोमवारी सकाळी ताई आल्या. मी विचारलं, पाहिली का काल मॅच? त्या म्हणाल्या, "कुठली दादा? आम्ही ग्राउंडवरच होतो, अंधार पडेस्तोवर." कणिक मळता मळता म्हणाल्या, तुमची वाट बघत होती, गेटकडे बघून बघून पळत होती, सर ओरडले तिला. मी आत गेलो, कपाटातून २,२०० रुपये काढून आणले. त्यांनी हाताने नाही म्हणून खूण केली, हाताला कणिक लागलेली. "राहू द्या. दिवाळीत भिशी लागली माझी, तेव्हाच घेतले." त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता, पैसे लागत होते तेव्हा त्यांनी त्यांची सोय केली होती आणि विषय संपला होता. मी नोटा हातात घेऊन किचनच्या दारात उभा.

संध्याकाळी ती सायकल घेऊन आईला न्यायला आली. मला वाटलं ती काही बोलणार नाही. तर म्हणाली, "काका, हरमनचा कॅच पाहिला का? मी आज मैत्रिणीच्या मोबाइलवर दहादा पाहिला." तिच्या वहीवर आतल्या बाजूला विराट कोहलीचा फोटो चिकटवलाय, मी पाहिलाय. तिला त्याच्या पैशांशी काही देणंघेणं नाही, ती मला सांगत होती की तो रोटी खात नाही, किती वर्षं गोड नाही खाल्लं म्हणे, आपल्याला जमेल का काका? तिच्या वतीने मी एवढी वर्षं भांडत होतो आणि तिने माझ्याकडे ते भांडण मागितलंच नव्हतं. तिने रविवारची अकरा मिनिटं मागितली होती.

मी आयपीएल बघणं सोडलंय असं नाही, सोडेन असंही वाटत नाही, खेळ मला आवडतो आणि रोहितने पुल मारला की अजून माझ्या अंगावर काटा येतो. कँटीनमधलं भाषण मात्र बंद आहे.

जानेवारीत तिची परत एक स्पर्धा होती, तिथे गेलो. साडेसहाला पोचलो, धुकं होतं, मुली हात चोळत वॉर्म-अप करत होत्या आणि एकमेकींच्या पाठीला सेफ्टी पिनांनी नंबर लावत होत्या. मला हे पण माहीत नव्हतं की ३,००० मीटर म्हणजे साडेसात फेऱ्या, त्यामुळे स्टार्ट फिनिशच्या समोरच्या बाजूला होतो, मी चुकीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो होतो. तिच्या सरांनी मला बोलावलं आणि एक जास्तीचं स्टॉपवॉच हातात दिलं, म्हणाले शेवटची घंटा वाजली की दाबा, नुसती तिची शेवटची फेरी धरा. बघायला आम्ही सगळे मिळून तीसेक माणसं असू, त्यात निम्मे पालक.

चौथ्या फेरीपर्यंत ती मधे कुठेतरी होती. ट्रॅकवर स्पाइक्सचा एक आवाज येतो, बारीक, टीव्हीवर कधी ऐकू आलेला नाही, तो जवळ यायचा आणि परत लांब जायचा. सहाव्या फेरीत दोन मुली मागे पडल्या. घंटा वाजली, मी बटण दाबलं, अंगठा थरथरत होता. लांबच्या वळणावर ती पाचवी होती, सरळ पट्ट्यात एकीला तिने बाहेरून काढलं, तोंड उघडं, मान वाकडी, आणि मी काय ओरडत होतो ते मला आठवत नाही.

चौथी आली. रेषेपलीकडे जाऊन गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे चालत आली.

"किती लागली काका, शेवटची?"

"एक एकोणतीस."

"मागच्या वेळी एक चौतीस होती," ती म्हणाली आणि पाणी प्यायला नळाकडे गेली.